फ्रेया प्लस: पुढे ट्यूब, मागे ट्रान्झिस्टर

ट्यूबचा, म्हणजे काचेच्या जुन्या व्हॉल्व्हचा, आवाज आवडतो, पण घरात ट्यूबचा पॉवर अ‍ॅम्प (स्पीकर चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर) नको, असं म्हणणाऱ्यांची बाजू बरीच पक्की आहे. पॉवर ट्यूबला जड आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागतो, बायस (ट्यूबमधून स्थिर वाहणारा करंट) जुळवत राहावा लागतो, काही हजार तासांनी संच बदलावा लागतो आणि मे महिन्यात खोलीत शेगडी पेटवल्यासारखं होतं. शिवाय अवघड स्पीकर ओढायची ताकद हवी असेल तर तसा पॉवर अ‍ॅम्प फार महाग पडतो. प्रीअ‍ॅम्पमधल्या (सिग्नल आणि व्हॉल्यूम सांभाळणाऱ्या पुढच्या डब्यातल्या) छोट्या ट्यूबचं तसं नाही. त्या थोड्या करंटवर चालतात, वर्षानुवर्षं टिकतात आणि खराब झाल्या तरी खिशाला फार चटका बसत नाही. म्हणून पुढे ट्यूब प्रीअ‍ॅम्प आणि मागे सॉलिड-स्टेट (ट्रान्झिस्टरचा) पॉवर अ‍ॅम्प ही जोडी जुनी आहे आणि शहाणपणाचीही.

ही जोडी जमते किंवा फसते ती मात्र आकड्यांवर. कोणत्या कंपनीची ट्यूब लावली यापेक्षा आउटपुट इम्पिडन्स (सिग्नलला होणारा अडथळा) किती, इनपुट इम्पिडन्स किती, गेन (सिग्नल किती पट वाढतो) एकूण किती होतो आणि मधला कपॅसिटर केवढा, यावर नव्वद टक्के निकाल लागलेला असतो. हे तपासायला अमेरिकेतल्या शीट ऑडिओ कंपनीचा फ्रेया प्लस हा प्रीअ‍ॅम्प फार उपयोगी आहे, कारण त्यात ट्यूब एका बटणाने बाजूला करता येते.

फ्रेया प्लसमध्ये तीन मोड आहेत. पहिला पॅसिव्ह, म्हणजे नुसता व्हॉल्यूम, गेन नाही, बफर नाही. दुसरा सॉलिड-स्टेट बफर, जो सिग्नल न वाढवता पुढच्या यंत्राचा भार पेलतो, म्हणजे गेन एक पटच. तिसरा ट्यूब मोड, ज्यात चार ६एसएन७ ट्यूब कामाला लागतात आणि गेन चार पट, म्हणजे १२ डेसिबल मिळतो. व्हॉल्यूम रिले-अटेन्युएटरचा, म्हणजे रिलेने रेझिस्टर बदलून सिग्नल कापणारा, आहे: १२८ पायऱ्या, प्रत्येक ०.६२५ डेसिबलची. आवाज वाढवताना डब्यातून रिलेची टिकटिक ऐकू येते, ती बिघाडाची नव्हे. साध्या पॉटमध्ये (फिरत्या नॉबच्या व्हॉल्यूममध्ये) कमी आवाजाला डावी-उजवी बाजू हमखास असमान होते, रात्री हळू ऐकणाऱ्याला गायक मधून सरकल्यासारखा वाटतो. रिले आणि रेझिस्टरच्या जिन्यात तो दोष राहत नाही. माझ्या मते या यंत्रात पैसे मोजण्यासारखी पहिली गोष्ट हा व्हॉल्यूम आहे, ट्यूब नंतर येतात. पॅसिव्ह किंवा बफर मोडमध्ये ट्यूब पूर्ण बंद होतात, त्यांना तापवणाऱ्या हीटरसकट. दिवसभर मागे रेडिओसारखं संगीत चालू ठेवणाऱ्या घरात याने ट्यूबचं आयुष्य वाचतं. ट्यूब मोड निवडला की त्या तापेपर्यंत थांबावं लागतं.

आता गेनचा हिशेब, कारण सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात. बहुतेक सॉलिड-स्टेट पॉवर अ‍ॅम्पचा व्होल्टेज गेन २० ते ३० पट असतो. २० पट धरला, तर ८ ओहमच्या स्पीकरमध्ये १०० वॅट द्यायला आउटपुटला २८.३ व्होल्ट लागतात आणि इनपुटला १.४ व्होल्ट पुरतात. आजचा साधा डॅक (डिजिटल संगीताचा सिग्नल बनवणारा डबा) पूर्ण पातळीला २ व्होल्ट देतो. म्हणजे पॅसिव्ह मोडमध्येच पॉवर अ‍ॅम्प पूर्ण चालवून थोडं उरतं. ट्यूब मोडमध्ये त्याच २ व्होल्टचे ८ व्होल्ट होतात. दिवाणखान्यातलं नेहमीचं ऐकणं एका वॅटच्या आत असतं. एक वॅट म्हणजे स्पीकरवर २.८३ व्होल्ट, इनपुटवर ०.१४ व्होल्ट. ८ व्होल्टवरून तिथे उतरायला ३५ डेसिबल कापावे लागतात, म्हणजे फ्रेयाच्या छप्पन्न पायऱ्या खाली. फ्रेयाकडे ८० डेसिबलचा जिना असल्याने ते सहज जमतं. साध्या पॉटच्या ट्यूब प्रीअ‍ॅम्पमध्ये हाच हिशेब केला तर नॉब सकाळच्या आठ वाजेवरून नऊवर नेला की खोली भरते आणि त्यापुढचा सगळा भाग वाया जातो.

मग हा गेन लागतो कुठे? रेकॉर्ड प्लेअरच्या सुईचं मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज ३ मिलिव्होल्ट देत असेल आणि तो सिग्नल वाढवणारा फोनो स्टेज ४० डेसिबलचा असेल, तर हाती ०.३ व्होल्ट येतात. २० पट गेनच्या पॉवर अ‍ॅम्पला ते थेट दिले तर ६ व्होल्ट निघतात, ८ ओहममध्ये जेमतेम साडेचार वॅट. ट्यूब मोड लावला की २४ व्होल्ट, ७२ वॅट. रेकॉर्ड ऐकणाऱ्याला हा बदल थेट कळतो. दुसरं ठिकाण म्हणजे डिझायनर नेल्सन पास यांच्या फर्स्ट वॅट कंपनीचा एफ४. हा २५ वॅटचा पॉवर अ‍ॅम्प आहे, पण त्याला व्होल्टेज गेनच नाही, तो फक्त करंट पुरवतो. २५ वॅटसाठी त्याला इनपुटलाच १४ व्होल्ट द्यावे लागतात. २ व्होल्टच्या डॅकमागे फ्रेयाचा ट्यूब मोड त्याला ८ व्होल्ट देईल आणि ८ वॅट मिळतील. चांगल्या संवेदनशीलतेच्या (एका वॅटला जास्त आवाज देणाऱ्या) स्पीकरला ते पुरतात, ८५ डेसिबलच्या छोट्या बुकशेल्फ स्पीकरला पुरणार नाहीत. एफ४सारख्या यंत्रासाठी ८ ते १० पट गेन आणि मोठा व्होल्टेज स्विंग देणारा प्रीअ‍ॅम्प हवा. तिथे ट्यूब खरोखर आपल्या जागी असते, कारण दोन-अडीचशे व्होल्टच्या सप्लायवर चालणाऱ्या ट्यूबला १४ व्होल्ट म्हणजे किरकोळ काम.

उलट टोकाला क्वाड ४०५. पीटर वॉकर यांच्या क्वाड या ब्रिटिश कंपनीने १९७५ साली आणलेला हा १०० वॅटचा अ‍ॅम्प आजही वापरात आहे. त्याची संवेदनशीलता अर्ध्या व्होल्टची, म्हणजे पूर्ण ताकदीला इनपुटला तेवढे पुरतात, आणि इनपुट इम्पिडन्स २० किलोओहम. म्हणजे फ्रेयाचे ८ व्होल्ट त्याच्या गरजेच्या सोळा पट, २४ डेसिबल जास्त. अशा वेळी पॉवर अ‍ॅम्पच्या तोंडाशी अटेन्युएटर घालावा. सिग्नलच्या मालिकेत २२ किलोओहम आणि त्यापुढे सिग्नल ते ग्राउंड २.७ किलोओहम, दोन्ही पाव वॅटचे मेटल फिल्म, एक टक्क्याचे. क्वाडच्या २० किलोओहमसकट हिशेब केला तर कपात २० डेसिबलच्या आसपास बसते आणि प्रीअ‍ॅम्पला २४ किलोओहमचा सोपा लोड दिसतो. हे रेझिस्टर केबलच्या पॉवर अ‍ॅम्पकडच्या प्लगमध्येच बसवायचे. प्रीअ‍ॅम्पकडे बसवले तर पुढची सगळी केबल साधारण अडीच किलोओहमच्या सोर्सवर लटकते. क्वाडचा इनपुट जुन्या पद्धतीचा डिन सॉकेट आहे, त्यामुळे तसंही अ‍ॅडॉप्टर केबल बनवावीच लागते. त्याच वेळी हे दोन रेझिस्टर आत घालून टाकावेत.

या अटेन्युएटरचा खरा फायदा आवाजाच्या पातळीपेक्षा हिसमध्ये, म्हणजे मागच्या सरसरीत, दिसतो. फ्रेयामध्ये व्हॉल्यूम आधी आणि ट्यूब नंतर येते. ट्यूबची स्वतःची सरसर व्हॉल्यूमने कमी होत नाही, ती जशीच्या तशी पॉवर अ‍ॅम्पमध्ये जाते. उदाहरणादाखल ट्यूब स्टेजचा नॉइज ५० मायक्रोव्होल्ट धरा. २० पट गेननंतर स्पीकरवर एक मिलिव्होल्ट झाला. ८ ओहममध्ये ही पॉवर एका वॅटच्या ६९ डेसिबल खाली येते. ८८ डेसिबलच्या स्पीकरपासून एक मीटरवर तो आवाज १९ डेसिबल, म्हणजे पंखा चालू असलेल्या खोलीत शून्य. पण १०० डेसिबलचे हॉर्न स्पीकर असतील तर ३१ डेसिबल, आणि रात्री खिडक्या बंद केल्यावर ते नक्की ऐकू येतात. मंद आलापीच्या मागे ही सरसर असणं चालणार नाही. वीस डेसिबलचा अटेन्युएटर सिग्नलसोबत हा नॉइजही दहा पट कमी करतो, आणि गमावलेली पातळी व्हॉल्यूम वर नेऊन परत मिळते. हिस येते म्हणून महागड्या ट्यूब मागवण्याआधी दहा-वीस रुपयांचे हे रेझिस्टर लावून पाहावेत.

इम्पिडन्सचा नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो: पॉवर अ‍ॅम्पचा इनपुट इम्पिडन्स प्रीअ‍ॅम्पच्या आउटपुट इम्पिडन्सच्या निदान दहा पट हवा. नियम बरोबर, पण ट्यूब प्रीअ‍ॅम्पचा माहितीपत्रकातला आकडा बहुधा १ किलोहर्ट्झचा असतो, आणि घोळ खालच्या सुरांत होतो. ट्यूबच्या प्लेटवर किंवा कॅथोडवर (तिच्या आतल्या दोन टोकांवर) डीसी असतो, तो अडवायला आउटपुटला कपॅसिटर असतो. ०.४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १ किलोहर्ट्झला ३४० ओहमच्या आसपास अडथळा करतो, पण २० हर्ट्झला तोच जवळपास १७ किलोओहम होतो. हा कपॅसिटर आणि पॉवर अ‍ॅम्पचा इनपुट मिळून हाय-पास फिल्टर बनतो, जो कटऑफच्या खालचे सूर कापतो. इनपुट ४७ किलोओहमचा असेल तर ०.४७ मायक्रोफॅरडला कटऑफ ७ हर्ट्झ, काही बिघडत नाही. इनपुट १० किलोओहमचा असेल, आणि बरेच क्लास-डी व प्रोफेशनल अ‍ॅम्प असेच असतात, तर कटऑफ ३४ हर्ट्झवर येतो. मग ६८ हर्ट्झला जवळपास एक डेसिबल गळतो आणि डग्ग्याची घुमारी, पखवाजाचा खालचा हात हलका लागतो. लोक याला «ट्यूबमुळे बास सैल झाला» म्हणतात. ट्यूबचा दोष नाही, कपॅसिटर छोटा पडला. १० किलोओहमसाठी निदान २.२ मायक्रोफॅरड हवा, त्याने कटऑफ ७ हर्ट्झच्या आसपास येतो. कपॅसिटर बदलायचाच तर पॉलिप्रॉपिलीन फिल्म घ्यावा आणि त्याचं व्होल्टेज प्रीअ‍ॅम्पच्या पूर्ण सप्लायपेक्षा जास्त असावं, कारण ट्यूब थंड असताना काही सर्किटमध्ये अख्खा सप्लाय त्याच्यावर येतो. झाकण उघडण्याआधी प्लग काढून सप्लायचे कपॅसिटर रेझिस्टरने रिकामे करायचे आणि मीटरने पाच व्होल्टच्या आत आल्याची खात्री करायची. हे काम न येणाऱ्याने करू नये, तिथे जीव जाण्याइतकं व्होल्टेज असतं.

कोणत्या ट्यूबचा आउटपुट कसा, हेही सर्किटवर ठरतं. ६एसएन७चा प्लेट रेझिस्टन्स ७.७ किलोओहमच्या आसपास. प्लेटवरून थेट आउटपुट काढला तर १० किलोओहमच्या अ‍ॅम्पसमोर ती मान टाकते. तीच ट्यूब कॅथोड फॉलोअर केली, म्हणजे आउटपुट कॅथोडवरून काढला, तर आउटपुट चारशे ओहमच्या घरात येतो. १२एएक्स७चा प्लेट रेझिस्टन्स साठ किलोओहमच्या पुढे आहे, ती थेट आउटपुटला असलेला प्रीअ‍ॅम्प सॉलिड-स्टेट अ‍ॅम्पसाठी घेऊच नये. ईसीसी८८ या बाबतीत सगळ्यांत मोकळ्या हाताची.

फ्रेयाच्या पॅसिव्ह मोडमध्ये मात्र ट्यूबही नाही आणि बफरही नाही, त्यामुळे केबल आखूड ठेवावी. बफर मोडमध्ये ती काळजी उरत नाही. पॉवर अ‍ॅम्प स्पीकरजवळ आणि प्रीअ‍ॅम्प समोरच्या भिंतीला, अशी पाच-सात मीटरची मांडणी असेल तर बफर किंवा ट्यूब मोडच वापरावा, शक्य असल्यास बॅलन्स्ड केबलवर, म्हणजे सरळ आणि उलट असे दोन सिग्नल नेणाऱ्या केबलवर.

आता मूळ प्रश्न. ट्यूब मोड ऐकायला वेगळा लागतो का? लागतो, पण जाहिरातीत म्हणतात तितका नाही. फ्रेयाची ट्यूब स्टेज डिफरेन्शियल आहे. डिफरेन्शियल स्टेजमध्ये दोन उलट बाजूंचा सिग्नल एकत्र घेतला की सम हार्मोनिक्स (मूळ सुराच्या दुप्पट, चौपट कंपनाचे जोडसूर) एकमेकांना खातात, आणि ज्याला लोक ट्यूबची ऊब म्हणतात तो बहुतांशी दुसऱ्या हार्मोनिकचा खेळ असतो. म्हणून बॅलन्स्ड आउटपुटवर फ्रेया जाड, गोड, मधाळ वाटत नाही. सिंगल-एंडेड (साध्या, एकाच सिग्नलच्या) आउटपुटवर ही काटाकाट तितकी पूर्ण होत नाही. मधाळपणाच हवा असेल तर एका ट्रायोडचा साधा सिंगल-एंडेड प्रीअ‍ॅम्प घ्यावा. फ्रेयाचा गुण वेगळा: आवाज स्वच्छ राहतो, गेन आणि स्विंग मिळतो आणि पॉवर अ‍ॅम्पचा स्वभाव झाकला जात नाही. ज्यांचा अ‍ॅम्प आणि स्पीकर मुळात चांगले आहेत त्यांना मी हा डबा निःशंक सुचवीन. ज्यांचा ट्वीटर कानाला टोचतो म्हणून ट्यूब हवी आहे, त्यांनी आधी स्पीकर बदलावा किंवा खोलीत जाड पडदे लावावेत. त्या टोचण्यावर फ्रेयाचा इलाज चालणार नाही.

तुलना करायची तर नीट करावी. बफरवरून ट्यूबवर जाताना आवाज १२ डेसिबल वाढतो आणि मोठा आवाज कानाला नेहमी चांगलाच वाटतो. दुकानात बटण दाबून «बघा, काय फरक पडला» म्हणतात तो फरक बहुतेक हाच. २०० हर्ट्झचा साइन टोन लावा, स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर एसी रेंजवर ठेवा, बफर मोडचा आकडा लिहून घ्या. ट्यूब मोडमध्ये तोच आकडा येईपर्यंत व्हॉल्यूम उतरवा. एकोणीस पायऱ्यांनी ११.८७५ डेसिबल उतरतात, म्हणजे डेसिबलच्या आठव्या हिश्शाइतकाच फरक उरतो, पण ट्यूबचा प्रत्यक्ष गेन थोडा इकडेतिकडे असतो म्हणून मीटरवरच भरवसा ठेवावा. १ किलोहर्ट्झचा टोन मुद्दाम टाळला आहे, स्वस्त मीटर चारशे हर्ट्झच्या पुढे खोटं सांगायला लागतात. मग तानपुऱ्याचं जुनं, शांत रेकॉर्डिंग लावा. जवारीचा झिणझिण पोत आणि मागची शांतता या दोन्हींत ट्यूब मोड काय करतो ते तिथे कळतं. ढणढणीत ऑर्केस्ट्रेशनमध्ये कळत नाही.

सोबतीला त्याच कंपनीचा विदार हा पॉवर अ‍ॅम्प घेतला तर ८ ओहमला १०० वॅट आणि ४ ओहमला २०० वॅट मिळतात, आणि तो भरपूर तापतो. दोन विदार मोनोमध्ये चालवायचे तर ते फक्त बॅलन्स्ड इनपुटवरच चालतात, त्यामुळे सिंगल-एंडेड प्रीअ‍ॅम्प असलेल्याने दुसरा विदार आणण्याआधी हे पाहावं. फ्रेयाला बॅलन्स्ड आउटपुट आहे, अडचण नाही. मोनोमध्ये ४ ओहमचे स्पीकर लावू नयेत. ए-क्लासच्या वळणाचा, त्याच कंपनीचा एगीर २० वॅटचा आहे, छोट्या खोलीत आणि ९० डेसिबलच्या वरच्या स्पीकरला छान जमतो, मोठ्या हॉलमध्ये दम तोडतो.

चालू-बंद करण्याचा क्रम पाळला नाही तर वूफरला धोका असतो. ट्यूब तापत असताना आउटपुटचा कपॅसिटर चार्ज होतो आणि एक संथ धक्का बाहेर पडतो, पॉवर अ‍ॅम्प तो वीस पट करतो. पॉवर अ‍ॅम्पचा प्रोटेक्शन रिले साधारण तीन-चार सेकंदांत जोडला जातो, ट्यूब स्थिर व्हायला अर्धा मिनिट किंवा जास्त लागतं. म्हणजे दोन्ही एकदम चालू केले तर रिले जोडलेला असतानाच धक्का येतो. आधी प्रीअ‍ॅम्प, एक मिनिट थांबून पॉवर अ‍ॅम्प. बंद करताना आधी पॉवर अ‍ॅम्प, अर्ध्या मिनिटाने प्रीअ‍ॅम्प. चांगल्या प्रीअ‍ॅम्पमध्ये म्यूट रिले असतो, तरी सवय हीच असावी. लाइट गेली की पहिलं काम पॉवर अ‍ॅम्पचा स्विच बंद करणं, कारण लाइट परत येते तेव्हा एकाच स्ट्रिपवरचं सगळं एकदम चालू होतं.

गुणगुण आली तर तिचा सूर ओळखावा. ५० हर्ट्झची जाड गुणगुण बहुधा ग्राउंड लूपची किंवा ट्रान्सफॉर्मरजवळून गेलेल्या केबलची. १०० हर्ट्झची, जरा धारदार, म्हणजे पॉवर सप्लायच्या फिल्टरचा बिघाड. ग्राउंड लूपसाठी अर्थिंगची पिन तोडण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो ऐकू नये. सगळी यंत्रं एकाच सॉकेटवर आणावीत, केबल टीव्हीची कोअ‍ॅक्स काढून पाहावी, तरी राहिली तर सिग्नल आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावावा. एकाच बाजूने खरखर किंवा टिकटिक येत असेल तर डाव्या आणि उजव्या बाजूच्या ट्यूब एकेक जोडी अदलाबदल कराव्या. दोष ट्यूबसोबत सरकला तर ट्यूब खराब, तिथेच राहिला तर सॉकेट किंवा सर्किट. कोकणात आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत ऑक्टल ट्यूबच्या पिना काळ्या पडतात, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळल्यावर बसवल्या की निम्म्या खरखरी जातात. ट्यूब काढताना काच धरून पिळू नये, खालचा बेस धरून सरळ वर ओढावी.

बदली ट्यूब घेताना नावं नीट वाचावीत. रशियन ६एन८एस ही ६एसएन७ची जोडीदार, चालते. तशीच दिसणारी ६एन९एस ही मात्र ६एसएल७च्या कुळातली, गेन सत्तर आणि प्लेट रेझिस्टन्स चाळीस किलोओहमच्या वर. ती बसते, पेटतेही, पण सर्किट तिच्यासाठी नाही. मूळ ब्रिटिश ईसीसी३२, म्हणजेच सीव्ही१८१, हीटरला ०.९५ अ‍ॅम्पिअर घेते, ६एसएन७ ०.६ घेते. चार बसवल्या तर २.४ ऐवजी ३.८ अ‍ॅम्पिअर, ट्रान्सफॉर्मर तापून जाईल. आपल्याकडे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये १९६१पासून रिसीव्हिंग व्हॉल्व्ह बनत होते आणि लॅमिंग्टन रोडसारख्या ठिकाणी त्यांचा जुना माल अधूनमधून दिसतो. त्यातले रेडिओचे ईसीसी८३ वगैरे नऊ पिनांचे असतात, फ्रेयाच्या आठ पिनांच्या सॉकेटमध्ये ते जात नाहीत, अ‍ॅडॉप्टर लावूनही लावू नयेत.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून मागवणार असाल तर २३० व्होल्टचाच मागवा. ११५ व्होल्टचा सरळ भारतीय सॉकेटला लावला तर पहिल्याच मिनिटात जळेल. तसा आलाच तर १०० व्हीएचा खऱ्या कॉपर वाइंडिंगचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा, प्रवासात मिळणारे हलके कन्व्हर्टर नकोत. चार ट्यूबचे हीटरच पंधरा वॅट उष्णता टाकतात, वर निदान दहा सेंटिमीटर मोकळी जागा ठेवावी आणि पॉवर अ‍ॅम्पच्या डोक्यावर प्रीअ‍ॅम्प ठेवू नये. रात्री उशिरा मेन्सचं व्होल्टेज २५०च्या वर जात असेल अशा भागात स्टॅबिलायझर लावावा: ज्या प्रीअ‍ॅम्पमध्ये हीटर रेग्युलेटेड नसतो, तिथे २५३ व्होल्टला ६.३चे ६.९ व्होल्ट होतात आणि ट्यूबचं आयुष्य झपाट्याने घटतं.